ओला रस्ता आणि कोरडी काच

न्यूयॉर्कला पावसाळा नाही. पाऊस भरपूर आहे, वर्षाला पंचेचाळीस-पन्नास इंच. पण तो बाराही महिन्यांत जवळजवळ सारखा वाटलेला. मृग लागायच्या आत छत्र्या दुरुस्त करून घ्याव्यात, गॅलरीला ताडपत्री बांधावी, असा वेगळा काढून ठेवलेला ऋतू इथे नाही. तरी नोव्हेंबरात घड्याळे एक तास मागे गेली की पाचच्या आत काळोख होतो. त्यातच समुद्रावरून तो गार, बारीक, कंटाळा न येणारा पाऊस सुरू होतो. ऑफिस सुटायच्या वेळेला खाली पाहावे तर सगळा रस्ता दिव्यांनी माखलेला. माझ्यापुरता तोच पावसाळा.

आमच्या गिरगावच्या घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. जून उजाडला की बाबा तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवत. दमट हवेने भिंगाला बुरशी येते, हे एक कारण. दुसरे, आणि खरे, कारण असे की त्या कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग अशाच काय त्या खुणा होत्या. पावसाची खूण नव्हती, रात्रीची तर नव्हतीच. एका रोलमध्ये फोटो बारा, आणि त्यातला एकही वाया घालवण्याची आमच्या घरची पद्धत नव्हती. परिणाम असा की माझ्या लहानपणीचा आल्बम एखाद्या परक्या माणसाने चाळला तर गिरगावात कधी पाऊस पडला नाही आणि कधी रात्र झाली नाही, असे त्याला वाटेल.

ज्या गोष्टींचा फोटो निघत नाही त्या आल्बममधून गळतात, आणि काही वर्षांनी आठवणीतूनही गळू लागतात. म्हणून रात्रीचा आणि पावसाचा फोटो काढता येतो हे आधी कोणाच्या लक्षात आले, याचे मला कुतूहल होते. गेली दोन-तीन वर्षे सवड मिळेल तसे वाचत गेलो. या कथेचे मोठे प्रकरण आपण ज्या शहरात नोकरीसाठी रोज गाडीने ये-जा करतो त्याच शहरात घडले आहे, आणि त्यातली बरीच माणसे आपल्यासारखीच बाहेरून आलेली किंवा तशा आईबापांची मुले होती.

छायाचित्रणाची पहिली काही दशके रात्र हा विषयच नव्हता. १८५० नंतर जी कलोडियनची पद्धत रूढ झाली तिच्यात काचेवर रसायन लावायचे आणि ती ओली असतानाच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो घेऊन धुवायची. काच वाळली की खेळ संपला. अंधारात तासभर भिंग उघडे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथले नावाजलेले छायाचित्रकार. पण त्या पिढीची मुंबई आपल्याला दिसते ती लख्ख दिवसाची. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये आले; ते पाहायला लोक जमले असतील, पण ते दिवे टिपायला हवी ती काच अजून यायची होती.

ती काच म्हणजे जिलेटिनची कोरडी प्लेट. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये तिची वाट दाखवली आणि १८८० च्या आसपास ती दुकानात मिळू लागली. ती कितीही वेळ उघडी ठेवता येई, आणि ती ओल्या काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रकाशग्राही होती. गंमत पाहा, ओली रात्र टिपायला कोरडी काच लागली! त्याच सुमारास, डिसेंबर १८८० मध्ये, ब्रॉडवेवर ब्रश कंपनीचे झगझगीत आर्क दिवे लागले, आणि सप्टेंबर १८८२ मध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीटवरचे वीजघर सुरू झाले. काच आली, दिवे आले. आता माणसे हवी होती.

पहिला माणूस जेकब रीस. हा डेन्मार्कमधल्या रीबे गावचा. १८७० मध्ये एकविसाव्या वर्षी अमेरिकेत आला, सुतारकाम केले, उपाशी राहिला, पोलिसांच्या आश्रयघरात रात्री काढल्या आणि शेवटी मलबेरी स्ट्रीटवर पोलिस खात्याचा बातमीदार झाला. लोअर ईस्ट साइडच्या चाळींत रात्री काय चालते ते तो लिहीत असे, पण लिहिलेले कोणाला खरे वाटत नसे. १८८७ मध्ये त्याने जर्मनीतल्या नव्या मॅग्नेशियमच्या चकाकी-पावडरीची बातमी वाचली आणि काही महिन्यांत तो तिघा ओळखीच्यांना घेऊन अंधाऱ्या खोल्यांत शिरू लागला. त्यांतला जॉन नेगल हा आरोग्य खात्यातला डॉक्टर, तर हेन्री पिफर्ड आणि रिचर्ड हो लॉरेन्स हे न्यूयॉर्कच्या हौशी छायाचित्रकारांच्या सोसायटीचे सभासद. सुरुवातीला ती पावडर पिस्तुलातून उडवत. मध्यरात्री दार उघडून पिस्तूल रोखणाऱ्या मंडळींना पाहून लोक खिडक्यांतून पळत. मग रीसने पावडर पेटवण्यासाठी चक्क तळणीचा तवा वापरायला सुरुवात केली. आपण दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावली, असे त्यानेच पुढे सांगितले आहे.

बेयार्ड स्ट्रीटवरच्या एका खोलीचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. धड तेरा फूटही लांबी-रुंदी नसलेल्या खोलीत बारा स्त्री-पुरुष झोपलेले, जागेचे भाडे माणशी पाच सेंट. गाठोडी, बूट, भांडी, आणि उजेडाने दचकून उठलेले चेहरे. विद्यार्थी असताना दोन खोल्यांत सहाजण राहिलेली मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. तो फोटो पाहून हसू येत नाही. १८९० मध्ये रीसचे 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' निघाले. त्याने खळबळ उडाली. पुढे पोलिस कमिशनर झालेल्या थिओडोर रूझवेल्टने १८९६ मध्ये ती पोलिस आश्रयघरे बंद केली. रीसचे काम मोठे आहे यात शंका नाही. पण पुस्तक वाचताना मला दोन गोष्टी खुपल्या. स्वतः परदेशातून आलेला हा माणूस चिनी, ज्यू, इटालियन यांच्याबद्दल घाऊक शेरे मारतो. आणि त्याच्या फोटोतल्या झोपलेल्या माणसांना कोणी विचारले नव्हते.

रात्रीचा फोटो काढण्याची ही एक रीत झाली: आपला उजेड आपण घेऊन जायचा आणि समोरच्याच्या तोंडावर फेकायचा.

दुसरी रीतही त्याच घरात वाढली, आणि हा योगायोग मला फार आवडतो. पिफर्ड-लॉरेन्सची हौशी सोसायटी १८९६ मध्ये दुसऱ्या एका क्लबात विलीन होऊन कॅमेरा क्लब ऑफ न्यूयॉर्क झाला, आणि तिथे आल्फ्रेड स्टिगलिट्झ आणि विल्यम फ्रेझर रात्रीचे फोटो काढू लागले. शहराचा जो उजेड आहे त्यातच, भिंग उघडे ठेवून, वाट पाहत.

स्टिगलिट्झची गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. जन्म १८६४, गाव होबोकेन! आईवडील जर्मनीहून आलेले ज्यू. वडिलांनी मुलाला १८८२ मध्ये बर्लिनला मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकायला घातले. तिथे तो हेर्मान फोगेल या प्राध्यापकाच्या फोटोच्या रसायनशास्त्राच्या तासाला जाऊन बसला आणि इंजिनियरिंग सोडून दिले. (आपल्या घरी असे झाले असते तर काय महाभारत घडले असते ते ज्याने त्याने मनात आणावे.) हा फोगेल साधा माणूस नव्हे. जुनी प्लेट निळा प्रकाश पाही, पण हिरव्या-पिवळ्याला आंधळी असे. तिच्यात योग्य रंगद्रव्य मिसळले तर तिला तेही रंग दिसतात, हे त्याने १८७३ मध्ये शोधले. गॅसचा दिवा पिवळा. म्हणजे रात्रीच्या फोटोची एक किल्ली स्टिगलिट्झच्या मास्तरांच्याच खिशात होती.

लंडनला पॉल मार्टिनने १८९५-९६ च्या हिवाळ्यात गॅसच्या उजेडातल्या लंडनचे फोटो काढून पदक मिळवले होते. त्याची बातमी इकडे पोचली होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्कचे फोटो आले: स्टिगलिट्झचा 'रिफ्लेक्शन्स: नाइट', फ्रेझरचा 'अ वेट नाइट, कोलंबस सर्कल', आणि १८९८ चा स्टिगलिट्झचा 'अ‍ॅन आयसी नाइट'. यांची नावेच पाहा: प्रतिबिंबे, ओली रात्र, बर्फाळ रात्र. जे हवामान फोटोवाल्याचा शत्रू समजले जाई, नेमके त्याच हवामानात ही माणसे बाहेर पडत होती.

का? उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि ते सोपे आहे. कोरडा रस्ता खडबडीत असतो. त्यावर पडलेला उजेड तो दाही दिशांना उधळतो, कॅमेऱ्याच्या वाट्याला फार थोडा येतो. पाऊस पडला की खाचा भरतात, वर पाण्याचा पातळ थर बसतो आणि रस्ता आरशासारखा वागू लागतो. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवते. पण नजर रस्त्याला घासून जाऊ लागली, समजा ऐंशी अंशांच्या कलाने, की तेच पाणी चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत करते. म्हणजे समोर लांबवर दिवा असेल तर तुम्हाला एक नव्हे, दोन दिवे मिळतात. शिवाय पाणी हलत असते, म्हणून खालचा दिवा गोल न दिसता लांब ओघळासारखा तुमच्या पायांपर्यंत येतो. फोटोचा खालचा अर्धा भाग, जो कोरड्या रात्री नुसता काळा डाग असतो, तो भरून निघतो. आपल्याच हेडलाइटच्या उजेडात मात्र ओला रस्ता जास्त काळा दिसतो, कारण तिथे हा आरसा उजेड पुढे ढकलून देतो. पावसात टर्नपाइकवर गाडी हाकताना पट्टे का दिसत नाहीत, त्याचे कारण हेच.

आरसा व्हायला रस्ताही तसा हवा. १८९० च्या दशकात शहरात दगडी फरसबंदीच्या जागी डांबर येऊ लागले होते. त्याआधी रस्त्यांवर घोड्यांची लीद आणि कचरा साठलेला असे. १८९५ मध्ये जॉर्ज वेअरिंग हा सफाई खात्याचा प्रमुख झाला आणि पांढऱ्या गणवेशातल्या झाडूवाल्यांनी शहर धुऊन काढले. वेअरिंगने १८९८ मध्ये पद सोडले. रात्रीचे ते सुंदर फोटो बरोबर याच तीन-चार वर्षांतले आहेत. हा संबंध कोणी पुस्तकात दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही. माझाच तर्क आहे, पण लिदीत दिव्याचे प्रतिबिंब पडत नाही एवढे नक्की. कलेच्या इतिहासात झाडूवाल्यांचा एखादा परिच्छेद असायला हरकत नाही.

अडचणी दोन होत्या. एक म्हणजे दिव्याभोवतीचे वलय. तीव्र उजेड प्लेटमधून पार होऊन काचेच्या पाठीवर आपटून परत येई आणि दिव्याभोवती पांढरे भूत उभे राही. त्यावर उपाय, पाठीला गडद लेप द्यायचा. दुसरी अडचण अधिक खोल होती. प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्यावा, हा हिशेब दिवसा बरोबर येतो, मंद उजेडात चुकतो. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाच्या वेधशाळेत काम करणाऱ्या कार्ल श्वार्झशिल्डने ताऱ्यांचे फोटो काढताना याचे सूत्र बसवले. त्याच्या आकड्याने पाहिले तर प्रकाश सोळापट कमी झाल्यावर वेळ सोळापट नव्हे, सुमारे पंचवीसपट द्यावा लागतो. (होय, कृष्णविवराच्या त्रिज्येला ज्याचे नाव आहे तोच हा.) अंधार जितका वाढतो तितकी काच आळशी होत जाते. म्हणून फोटोवाले मिनिटेच्या मिनिटे उभे राहत, आणि दिवा लावलेली घोडागाडी आली की भिंगापुढे टोपी धरत, ती गेली की टोपी काढत.

आणि इथेच या सगळ्याची खरी मेख आहे. दहा मिनिटांच्या फोटोत घर राहते, खांब राहतो, पुतळा राहतो. चालणारा माणूस राहत नाही. तो कुठल्याही एका जागी इतका थोडा वेळ असतो की काचेवर त्याची नोंदच होत नाही. न्यूयॉर्कची लोकसंख्या त्या काळात लाखांनी वाढत होती, बोटी भरभरून माणसे उतरत होती, आणि रात्रीच्या फोटोत शहर निर्मनुष्य! रीसच्या फोटोत माणसे आहेत पण शहर नाही, नुसता काळोख आणि मध्ये पांढरेफटक चेहरे. या दुसऱ्या फोटोंत शहर आहे पण माणसे नाहीत.

स्टिगलिट्झला हे जाणवले असावे. १८९८ साठीच्या एका वार्षिकात त्याने जो लेख लिहिला त्याचे शीर्षकच 'रात्रीचे छायाचित्रण, त्यात जीवन आणून' अशा अर्थाचे आहे. वेळ एका मिनिटाच्या आत आणायचा, म्हणजे थांबलेली गाडी, तिच्याशी उभा असलेला माणूस तरी उमटेल. हाच गृहस्थ १८९३ च्या फेब्रुवारीत फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभा राहिला होता. 'आयसी नाइट' तर आपण आजारातून उठून भर रात्री जाऊन काढला, असे तो सांगे. पण त्याच्याही रात्रीत माणूस आला तो थांबलेला. कामाला पळणारा नाहीच.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. फ्लॅशचा बल्ब आला आणि रीसची रीत पुन्हा जोरात चालली. तिचा राजा वीजी. १८९९ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या झोलोचिव्हला जन्मलेला उशेर फेलिग, लहानपणी इथे येऊन आर्थर झाला. मोटारीत पोलिसांचा रेडिओ लावून रात्रभर खून, आगी आणि अपघात टिपत हिंडला. त्याचे 'नेकेड सिटी' १९४५ चे. उलट बेरेनिस अ‍ॅबटने १९३० च्या दशकात उंचावरून रात्रीच्या मॅनहॅटनचा फोटो काढला तो पंधरा मिनिटांचा. त्यासाठी तिने वर्षातले अगदी लहान दिवस निवडले, कारण तेव्हाच संध्याकाळी पाचच्या आधी अंधार होतो आणि कचेऱ्यांतले दिवेही चालू असतात. खिडक्या हजारो, माणूस एकही दिसत नाही; पण प्रत्येक दिव्याखाली कोणीतरी काम संपायची वाट पाहत बसले आहे, हे आपल्या लोकांना सांगायला नको. आणि पावसाचा खरा लाडका म्हणाल तर सॉल लायटर. १९४६ मध्ये पिट्सबर्गहून आला, घराजवळच्या रस्त्यांवर छत्र्या, ओल्या काचा, धुरकट दिवे रंगीत फिल्मवर टिपत राहिला. त्याचे 'अर्ली कलर' हे पुस्तक निघायला २००६ साल उजाडले. तोवर तो ऐंशीच्या घरात होता.

आता दिव्यांचा रंगही बदलला. न्यूयॉर्कने २०१३ पासून सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये तेच झाले आणि राणीच्या रत्नहाराचा रंग गेला म्हणून केवढी ओरड झाली. जुलैच्या रात्री तिथल्या ओल्या कठड्यावर जो पिवळा ओघळ पडे, त्याचा माझ्याकडे एकही फोटो नाही. क्लिक थ्री तेव्हा तांदळात होता.

फोनमधल्या कॅमेऱ्याने २०१८ नंतर ही सगळी कसरतच मोडीत काढली. तो एका झटक्यात पुष्कळ छोटे फोटो घेतो, एकावर एक जुळवतो, जे जुळत नाही ते गाळतो आणि रात्रीचा जवळजवळ दिवस करून हातात देतो. धंद्यानेच सॉफ्टवेअरवाला असल्याने मला त्या गणिताचे कौतुक आहे. पण 'जे जुळत नाही' त्यात काय काय येते हे पाहिले की पुन्हा तेच: पावसाच्या धारा आणि हलणारी माणसे.

गेल्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी पाऊस लागला तेव्हा फ्रेझरच्या जागी उभे राहून त्याच्यासारखा फोटो काढायचा मी हट्ट धरला. जुना फिल्मचा कॅमेरा, तिपाई, खिशात टोपी. बायको सोबत आली ती छत्री कॅमेऱ्यावर धरायला. मी भिजत होतो. "अरे, तुझ्या डोक्यावर धरू की याच्या?" तिने विचारले. याच्या, म्हटले. कोलंबसाचा खांब १८९२ पासून तिथेच आहे, बाकी फ्रेझरला ओळखू येईल असे फार थोडे उरले आहे. वीस सेकंदांचा हिशेब धरला होता.

समोर फुटपाथच्या कडेला एक डिलिव्हरीवाला इलेक्ट्रिक सायकल टेकवून उभा होता. हँडलला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून त्यात हात घातलेले, फोनकडे डोळे, पुढच्या ऑर्डरची वाट पाहत. सिल्हेटचा, बारा वर्षांपासून इथे, असे नंतर कळले. त्या अर्ध्या चौकात न हलणारा तो एकटाच माणूस होता. मी बटणाकडे हात नेला तेवढ्यात त्याने मान वर केली, तिपाई पाहिली, आम्हाला पाहिले आणि हिंदीत विचारले, "भाईसाब, मैं हट जाऊँ?"

मी सवयीने मान डोलावली. थँक यूसुद्धा म्हणालो.

तो बाजूला झाला. फोटो उत्तम आला आहे. ओघळ तर इतके सुंदर की क्लबातल्या मंडळींनीही मान डोलावली असती. रस्त्यात चिटपाखरू नाही. उजव्या कडेला जमिनीपासून दीड हातावर एक बारीक लाल रेघ आहे. तो सायकल घेऊन निघाला तेव्हाच्या मागच्या दिव्याची. बायको म्हणाली, "त्याला उभं राहू द्यायचं होतंस." त्यानंतर तीन ओल्या शुक्रवारी मी तिथे जाऊन आलो. सायकलवाले पुष्कळ होते. तो दिसला नाही.